रिकाम्या थडग्यातले गहू

गारुफालियाने मांडीवरचा डबा बस मिकीनेसच्या प्राचीन अवशेषांपाशी येईपर्यंत खाली ठेवला नाही. डब्यात मेलेल्याच्या नावाने वाटायचा कोलिवा होता. उकडलेले गहू, वर पिठीसाखरेचा थर आणि त्यावर बदाम लावून काढलेलं बापाच्या नावाचं पहिलं अक्षर.

"मृतांच्या शनिवारी सहल! आपल्या गावसंघाच्या अध्यक्षाच्या घरी कोणी मेलंच नाही वाटतं," शेजारची पोलिक्सेनी कुरकुरली. "आणि तू डबा घेऊन कुठं निघालीस? कबरस्तान तर गावात राहिलं."

"गावात माझं कोण पुरलंय?"

गारुफालियाच्या बापाला, अनार्गिरोसला, युद्धात सैनिक घेऊन गेले ते कायमचेच. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पुढे सत्तर वर्षं गावातल्या बाया आपापल्या कबरींपाशी गहू वाटत राहिल्या, आणि ही फाटकाशी उभी राहून दुसऱ्यांच्या मेलेल्यांचे गहू खाऊन त्यांच्यासाठी देवाकडे क्षमा मागत राहिली. बाप मिकीनेसच्याच उत्खननावर मातीच्या टोपल्या वाहायचा. घरी आला की म्हणायचा, "राजाच्या थडग्यातली माती काढली पोरी, पण राजा काही सापडला नाही."

त्याच थडग्याच्या दारावरची अजस्र शिळा पाहून बसमधली मंडळी फोटो काढत थांबली. गारुफालिया सरळ आत शिरली. घुमटाखाली मधोमध तिने डबा ठेवला, गव्हात मेणबत्ती रोवली आणि काडी ओढली.

शिट्टी वाजली. घुमटात ती दहा शिट्ट्यांसारखी घुमली.

"आजी! आत खाणंपिणं बंद आहे. पाटी दिसली नाही?" पहारेकरी थ्रासिवुलोस धावत आला.

"दिसली. वरच उकरणाऱ्या साहेबाचं नाव होतं. माती वाहणाऱ्याचं नव्हतं. मग पुढची वाचली नाही."

"डबा उचला, नाहीतर तुम्हाला बाहेर काढावं लागेल."

"काढ की. माझ्या बापाने इथली माती उचलून नेली, तू त्याची लेक उचलून ने. माझे पाय काही हलायचे नाहीत."

"अहो, हे राजाचं थडगं आहे!"

"कुठाय राजा? दाखव. इथं थडगं आहे, मेलेला नाही. माझ्याकडे मेलेला आहे, थडगं नाही. बसलं की नाही गणित?"

मागे पोलिक्सेनी खुदकन हसली. थ्रासिवुलोसने पुन्हा शिट्टी तोंडाशी नेली, तोच गारुफालियाने कागदी रुमालावर मूठभर गहू घेऊन त्याच्यापुढे धरले.

"माझा बाप. अनार्गिरोस. घे."

तो थबकला. नियम त्याच्या बाजूने होता, पण मेलेल्याच्या नावाचे गहू नाकारायला त्याच्या आईने शिकवलं नव्हतं. त्या मुलखात कोणाचीच आई ते शिकवत नाही. शिट्टी सुटून छातीवर लोंबली. त्याने टोपी काढली, हात पुढे केला आणि गहू तोंडात टाकले.

"देव त्याला क्षमा करो," तो पुटपुटला.

"मोठ्याने म्हण! नाव घेऊन म्हण!"

"देव अनार्गिरोसला क्षमा करो!"

घुमटाने ते नाव उचललं आणि फिरवून फिरवून परत दिलं. ते ऐकून बाहेरची मंडळी एकेक करून आत आली. पोलिक्सेनीने सगळ्यांत आधी हात पसरला.

"आजी, निदान मेणबत्ती तरी विझवा," थ्रासिवुलोस चावता चावता म्हणाला.

"ती जळून संपेल तेव्हा विझेल," गारुफालिया म्हणाली आणि तिने त्याची ओंजळ पुन्हा भरली. "तोवर तू खा. तोंड भरलेलं असलं की शिट्टी वाजत नाही."