लाल ठिपका

चाळीस दिवस जावयाची, शेकुवेची होडी लामू बेटाच्या धक्क्याखाली वाळूत पडून होती, आणि चाळीस दिवस फमाऊ तिच्याकडे पाठ करून दुसऱ्यांची इंजिनं उघडत होता. होडीच्या मागे टांगलेल्या मोटरीतलं त्याच्याइतकं अख्ख्या बेटावर कुणाला कळत नाही, असं लोक म्हणायचे, त्याला फुंडी, म्हणजे मिस्त्री, अशी हाक मारायचे आणि तोही मान हलवून ऐकून घ्यायचा. पण ज्या होडीत आपली बायको गेली, त्या होडीला हात लावायचा म्हणजे काही पंखा बदलण्याइतकं सोपं काम नव्हतं.

काल त्याच्या बायकोचा, रहमाचा चाळिसावा झाला. कुराण वाचायला आलेली माणसं भात खाऊन पांगली, तशी टिमा, त्याची एकुलती एक लेक, भांडी घासता घासता म्हणाली, "बाबा, उद्या ती मोटर बघा. बटण खरंच बिघडलं होतं असं तुम्ही म्हणालात तर मी सासरी फाझाला परत जाईन. नाही म्हणालात तर त्याने तलाक द्यावा. मी इथेच राहीन."

"अगं, नवरा आहे तुझा."

"माझ्या आईला चिखलात ठेवून मारलं त्याने."

तिचं तरी काय चुकलं? शेकुवेच्या बहिणीच्या लग्नाला रहमा फाझाला गेली, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या छातीत कळ आली. शेकुवेने सासूला होडीत निजवलं आणि लामूच्या दवाखान्याकडे निघाला. होडी हलकी असली की उथळ पाण्यातून लवकर निघते, म्हणून टिमाला त्याने चढूही दिलं नाही. बाहेरच्या समुद्राने यावं तर दक्षिणेचा वारा पिसाळलेला, म्हणून त्याने मकांडाचा पाट धरला. तिवरांमधला हा अरुंद पाट ओहोटीला पार आटतो. तरी नाखवे जातात. बटण दाबून मोटर वर उचलायची, पंखा जेमतेम पाण्यात राहील इतपत ठेवायचा, की होडी सरकत जाते. त्या दिवशी शेकुवेने बटण दाबलं आणि मोटर वर आलीच नाही. पंखा गाळात रुतला, पाणी निघून गेलं, आणि भरती परत येईपर्यंत रहमा उरली नाही.

हे शेकुवेचं सांगणं. पण तो लामूला लागला तेव्हा मोटर छान अर्धी वर उचललेली होती, आणि ते पन्नास माणसांनी पाहिलं. अरे, बटण बिघडलं होतं ना, असं विचारलं तर म्हणाला, "बिघडलं होतं. मग चाललं." त्यापुढे तोंडाला कुलूप. लोकांना तेवढं पुरलं. ओहोटीचा अंदाज चुकला आणि आता मोटरीवर ढकलतोय, असं कॉफीवाल्याच्या बाकावर ठरून गेलं. फमाऊनेही मनातून तेच धरलं होतं. कुणावर तरी राग काढल्याशिवाय त्याला झोप लागत नव्हती, हे खरं कारण.

सकाळी शेकुवे आला. गाल बसलेले, अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता. टिमा धक्क्याच्या भिंतीवर पाठमोरी बसली होती, तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. बाकावरून म्हाताऱ्या बकारीने आवाज दिलाच, "काय फुंडी, मोटरीची नाडी बघताय का जावयाची?"

"तू कॉफी पी बकारी, थंड होईल," फमाऊ म्हणाला आणि होडीत चढला.

तो कामाला लागला तो त्याच्या रीतीने. आधी बॅटरी. ती बसली होती, म्हणून त्याने आपली भरलेली बॅटरी जोडली. मग तारांची टोकं खरवडली, अर्थिंगची तार हलवून पाहिली. सगळं घट्ट होतं. त्याने बटण वर दाबलं. घुर्र करत अर्ध्यावरची मोटर सरळ पूर्ण वर उचलली गेली, वाटेत अडखळलीसुद्धा नाही.

भिंतीवरून टिमाने मान वळवली. "चालतंय ना?"

"थांब."

"काय थांबू बाबा? दिसतंय की मला."

शेकुवे वाळूकडे बघत उभा होता. फमाऊला वाटलं, याच्या एक कानाखाली द्यावी. त्याने खाली दाबलं. आत नुसतं टक झालं, मोटर हलली नाही. यात नवल नव्हतं. बटण दाबलं की वीज पुढे सोडणारी डबी म्हणजे रिले. वर न्यायचा एक रिले आणि खाली आणायचा एक, असे दोन सारखे रिले आत शेजारी शेजारी असतात, आणि त्यातला एक मेलेला आहे हे त्याला ठाऊक होतं. लग्नाला निघण्याआधी त्यानेच तो शोधला होता. नवा मोम्बासाहून यायला पंधरा दिवस. अशा वेळी लामूचे फुंडी चांगला रिले वर उचलायच्या खाचेत, म्हणजे वरच्या घरात बसवतात आणि मेलेला खालच्या. मोटर खाली आणायची तर बाजूचा स्क्रू सैल करून पायाने दाबता येते, पण पाटात अडकल्यावर ती वर आलीच पाहिजे. चांगल्यावर फमाऊ होडीच्या रंगाचा लाल ठिपका देत असे. लाल वरच्या घरात, हे त्याच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक नाखव्याला माहीत होतं.

त्याने मोटरीचं झाकण काढलं. लाल ठिपका वरच्या घरात होता. अगदी बरोबर जागी. फमाऊने मोठा श्वास सोडला. आपला हात चुकला नव्हता. याचा अर्थ जावई खोटं बोलत होता, आणि त्या क्षणी त्याला, अल्लाह माफ करो, बरंच वाटलं.

मग त्याला चिखल दिसला.

रिलेवर राखाडी चिखल वाळला होता. अंगठ्याचा ठसा चक्क उमटला होता. दुसऱ्या रिलेवरही तसाच. असा चिखल फक्त तिवरांखाली असतो, आणि झाकणाच्या आत तो कधी जात नाही. फमाऊने वाकून बाजूचा स्क्रू पाहिला. खाऱ्या पाण्याने तो घट्ट धरला होता आणि त्याच्या खाचेत सुरीचं मोडलेलं टोक अडकलेलं होतं. म्हणजे पोराने आधी स्क्रू उघडून मोटर हाताने उचलायला पाहिलं होतं. ते जमलं नाही तेव्हा झाकण उघडलं होतं. वरचा रिले बरोबर असता तर मोटर बटणानेच उठली असती. मग चिखलाच्या हातांनी दोन्ही रिले उपसायची वेळ त्याच्यावर का आली असती?

त्याला रहमा लग्नाला निघाली तो दिवस आठवला. मोटर वरच अडकली होती, खाली येत नव्हती. रिलेच बिघडलाय का हे बघायला त्याने दोघांची अदलाबदल केली, आणि मोटर खाली आली. त्याने चांगल्यावर ठिपका दिला. आता परत जागच्या जागी बसवायचे, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात नव्या बुइबुइत, काळ्या बुरख्यात नटून बसलेली रहमा होडीतून म्हणाली, "अहो, खाली आली ना? मग झालं की. पाणी उतरतंय, नवरी म्हातारी होईल." सगळे हसले. तोही हसला. आणि झाकण लावलं.

चांगला रिले खालच्या घरातच राहून गेला होता. शेकुवे होडीजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाबा, तार सडली होती म्हणून सांगा. तेवढ्याने तिचं समाधान होईल."

"तुला ठिपका दिसला होता."

शेकुवेने मान हलवली.

"केव्हा?"

"तासाभराने. आधी वाटलं, बॅटरी. मग स्क्रूशी झगडलो. रिले बदलले तशी मोटर उठली, पण तोवर पाणीच गेलं होतं."

तासभर. तेव्हा ती जिवंत होती. फमाऊने विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण त्याने विचारलं, "तिला कळलं?"

"त्या बघतच होत्या. काय झालं होतं रे, म्हणाल्या. मी सांगून टाकलं. मला काय माहीत, त्या..." शेकुवेने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "म्हणाल्या, त्यांना सांगू नकोस. जेवायचे नाहीत ते."

फमाऊ चाळीस दिवस जेवला होता. दोन्ही वेळा, पोटभर, आणि या पोराला शिव्या घालत.

तार सडली होती. केवढं सोपं होतं. तार सडते, त्यात कुणाचा दोष नसतो. लेक नांदायला जाईल, जावयावरचा डाग जाईल, आणि रोज संध्याकाळी या धक्क्यावर लोक त्याला फुंडी म्हणतच राहतील. त्याने भिंतीकडे पाहिलं. टिमा हुबेहूब आईसारखी बसली होती, पाय अधांतरी हलवत.

"टिमा, इकडे ये," तो म्हणाला. बाकावरही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "बटण चाललं नव्हतं. याची चूक नाही. रिले मी उलटे बसवले होते. तुझ्या आईला मी मारलं."

बकारीने कप खाली ठेवला. टिमा वाळूतून चालत आली, होडीत वाकली, आणि चिखलातल्या त्या अंगठ्याच्या ठशाकडे बराच वेळ बघत राहिली. बापाकडे तिने पाहिलं नाही. मग शेकुवेचा हात तिने हातात घेतला, उलटा केला, अंगठा पाहिला, आणि भर धक्क्यावर रडायला लागली. तोही रडला. फमाऊला रडू आलं नाही. तो हक्क आपल्याला राहिला नाही असं त्याला वाटत होतं.

दुपारी भरती आली, तशी तिघांनी मिळून होडी पाण्यात ढकलली. स्क्रूतलं टोक फमाऊने काढून दिलं, स्क्रू सैल केला आणि मोटर पायाने दाबून खाली बसवली. टिमा आपलं बोचकं घेऊन पुढे बसली. होडी हातभर सरकल्यावर ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "भात झाकून ठेवलाय. मासा चुलीवर आहे."

होडी मांडा बेटाच्या टोकाआड जाईपर्यंत तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मग घरी गेला. ताटावरचं झाकण काढलं, भाताकडे पाहिलं, आणि झाकण परत ठेवून दिलं.