मास्तरांची स्प्रिंग आणि माझं वजन

ही गोष्ट १९९८ सालची, म्हणजे आमच्या थायलंडच्या बौद्ध गणनेतल्या २५४१ सालची. त्या वर्षी आमच्या डोंगराळ खुन युआममध्ये लसूण उदंड आला आणि माझ्या नवऱ्याने, खामपान मास्तरांनी, वळणांची धास्ती घेतली.

मास्तरांची शाळा वर डोंगरात होती. आमच्या घरापासून शाळेपर्यंत सरळ रस्ता असा नव्हताच, एक वळण संपायच्या आत दुसरं सुरू व्हायचं. वर्षानुवर्षं ते छोट्या स्कूटरवरून हळूहळू जात-येत. मग स्कूटर दमली आणि त्यांनी एक जुनी जपानी मोटारसायकल घेतली, उंच, मातीच्या रस्त्यावर चालणारी. तिच्यावर बसलेले मास्तर पाहून मला आमच्या लग्नातले मास्तर आठवले. आनंद तेवढाच. पहिल्याच महिन्यात ते दोनदा वळणावरून बाहेर गेले, एकदा गवतात आणि एकदा कोबीच्या शेतात.

मग ते वळणं चालत असल्यासारखी घेऊ लागले. शाळेत पोचायला उशीर होऊ लागला. हेडमास्तरांनी आधी हसून सांगितलं, मग न हसता सांगितलं की पावसाळ्यापूर्वी जमलं नाही, तर खाली गावातल्या शाळेत बदली घ्या. वरची शाळा मास्तरांनी बांबूच्या भिंतींपासून उभी केली होती. तिथल्या पोरांना ते थाई वाचायला शिकवत आणि स्वतः त्यांच्याकडून कारेन भाषा शिकत. बदलीचं ऐकून ते दोन घास कमी जेवले. मास्तर दोन घास कमी जेवले म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

दोष मात्र सगळ्या जगाचा. टायर गुळगुळीत, खडी सुटलेली, डांबर वितळलेलं. शेवटी दोष गेला मोठ्या वळणावरच्या देवळीतल्या राखणदार आत्म्याकडे. सगळे तिथे हॉर्न वाजवून जातात, मास्तरही वाजवत. आता ते थांबून लाल सोड्याची बाटली उघडून ठेवू लागले. आत्म्याने इतका सोडा प्यायला की मुंग्यांची तिथे वसाहत झाली.

"अहो, आत्म्याला तुमचं काय पडलंय?" मी म्हटलं.

"तुला कळत नाही, फोंग. वळणात शिरलो की कुणीतरी पुढचं चाक वर उचलतं. वळवतो तर गाडी बाहेरच जाते."

म्हणून एका रविवारी मी मागे बसले. मास्तर बसले तशी गाडीची शेपटी खाली गेली. मी बसले तर फारसा फरक पडला नाही, ती आधीच तळाला टेकली होती. समोरचा दिवा झाडांच्या शेंड्यांकडे पाहत होता. मोठ्या वळणावर हॉर्न वाजला, पाय ठेवायची दांडी रस्त्यावर करकरली, मागून धप्पकन दणका बसला आणि मास्तरांनी घाबरून ब्रेक दाबला. कललेली गाडी एकदम ताठ झाली आणि सरळ निघाली समोरून येणाऱ्या कोबीच्या ट्रककडे. ट्रकवाला चांगला माणूस, तोच बाजूला झाला.

"पाहिलंस? उचललं ना चाक!" मास्तर म्हणाले.

मी पाहिलं होतं. चाक कुणी उचललं तेही मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच इन्सोनच्या गॅरेजात गेले. इन्सोन मास्तरांचा जुना विद्यार्थी, बडबड्या, स्वतःच्या मिशीवर खूश. त्याने मास्तरांच्या गाडीचे टायर बदलले होते, पुढच्या शॉकमधलं तेल बदललं होतं, हँडल सरळ केलं होतं. मी विचारलं, "मागच्या स्प्रिंगचं काय?"

तो इकडेतिकडे पाहू लागला. "मावशी, स्प्रिंग मी च्यांग माईहून नवी मागवली ना. मास्तरांच्या वजनाची."

"वजन किती सांगितलं त्यांनी?"

"पंच्याऐंशी."

"आणि तुला डोळे आहेत?"

"आहेत की." तो पान्याने पाठ खाजवू लागला. "पण मास्तर पंच्याऐंशी म्हणाले. त्यांनी मला पाढे शिकवलेत. त्यांना कसं सांगू की तुमचा आकडा चुकला?"

"अरे, चाक वर जातंय, तुझे मास्तर दरीत जातील!"

"मी स्प्रिंगवरची कडी आवळत गेलो. आणखी आवळायला जागाच उरली नाही. पण मऊ स्प्रिंग किती आवळली तरी मऊच, मावशी. मास्तर बसताक्षणी ती दबते, मग मागचं खाली, पुढचं हलकं. पुढचं चाक रस्ता धरतच नाही, गाडी वळणार कशी?"

"हे तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

मी कपाळावर हात मारला. पण त्या एकट्यालाच काय बोलणार? मास्तर खोटं बोलत नव्हते. पंच्याऐंशी हा त्यांचा लग्नाच्या वर्षीचा आकडा होता आणि त्यानंतर माझ्याशिवाय कुणी त्यांना दुसरा सांगितलाच नव्हता. दवाखान्यातली नर्स सोमपोर्न त्यांना दरवेळी काट्यावर उभं करायची, मास्तर विचारायचे, "ठीक आहे ना?" आणि ती म्हणायची, "ठीक आहे, मास्तर." मग मला बाजूला घेऊन कानात सांगायची, एकशे अठरा. बाजारातल्या बायका मला विचारायच्या, नवऱ्याला काय खाऊ घालतेस गं? मास्तरांना समोर कुणी विचारत नसे. मास्तरांची भीड सगळ्या गावाला होती आणि त्या भिडेपायी गाव त्यांना दरीत घालायला निघालं होतं.

"तूच सांग ना, मावशी," इन्सोन म्हणाला.

"मी सांगितलंय. ते म्हणतात, नर्स ठीक आहे म्हणाली."

मग इन्सोनने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याची मिशी हसली. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

इन्सोनने मागवलेली जाड स्प्रिंग आली तेव्हा मास्तरांना गॅरेजात बोलावलं. इन्सोन हात जोडून म्हणाला, "मास्तर, चूक माझी. मी तुमचं एकट्याचं वजन धरलं. मावशी मागे बसते, ते विसरलोच. तिच्यासाठी जाड स्प्रिंग लागेल."

मास्तर माझ्याकडे वळले. "फोंग, तुझं वजन वाढलंय?"

माझं वजन तेव्हा शेहेचाळीस किलो. दोन बायका शेजारी टायरमध्ये हवा भरून घेत होत्या, त्यांनी कान टवकारले.

"वाढलंय," मी म्हटलं.

"किती?"

"बरंच."

"मग सांगायचं नाहीस का! एवढे दिवस मी त्या आत्म्याला सोडा पाजतोय!"

स्प्रिंग बसली. इन्सोनने आम्हा दोघांना गाडीवर बसवलं आणि मागे टेप धरून उकिडवा बसला. मग म्हणाला, "मावशी, जरा तो पाना देतेस का?" मी उतरले. मास्तर एकटे बसलेले असताना त्याने माप घेतलं, कडी फिरवली, पुन्हा माप घेतलं. आता गाडी थोडी दबत होती, पण बूड टेकत नव्हती. दिवा रस्त्याकडे पाहत होता.

मास्तरांनी अंगणात चक्कर मारली आणि कुरकुरले, "उडते आहे." इन्सोनने खालचा एक स्क्रू थोडा घट्ट केला, म्हणजे दबलेली स्प्रिंग सावकाश वर यावी. पुन्हा चक्कर, पुन्हा स्क्रू. तिसऱ्यांदा मास्तरांनी मान डोलावली.

"आता वळणात शिरायच्या आधी ब्रेक, आत शिरल्यावर नाही," इन्सोनने सांगितलं. "आणि नजर वळणाच्या शेवटाकडे. दरीकडे बघाल तर दरीत जाल."

"ऐकलंस, फोंग? दरीकडे बघू नकोस," मास्तर मला म्हणाले.

मी ओठ आवळून मागे बसले. मोठं वळण आलं. हॉर्न वाजला. मास्तरांचे खांदे आधी लाकडासारखे ताठ होते. गाडी वाकली, दांडी करकरली नाही, मागून दणका आला नाही आणि पुढचं चाक जिथे सांगितलं तिथे गेलं. पुढच्या वळणावर खांदे थोडे सैल झाले. त्याच्या पुढच्यावर ते गुणगुणू लागले. मास्तर बेसूर गायचे, पण त्या दिवशी मी त्यांना थांबवलं नाही.

शाळेच्या आवारात उतरल्यावर ते म्हणाले, "बघ, दोष माझा नव्हताच. पण तू जरा चिकट भात कमी खा."

पुढचा सोमवार उजाडला आणि मास्तर घंटेच्या आधी शाळेत होते. मंगळवारीही. पावसाळा आला, हेडमास्तरांनी बदलीचा विषय पुन्हा काढला नाही.

इन्सोनने पुढे गावात मोठं गॅरेज काढलं. आता त्याचंच पोट टाकीला टेकतं, आणि त्याचे कामगार त्याला वजन विचारत नाहीत. सोमपोर्न मे सारियांगला बदलून गेली, तिथून निवृत्त झाली, दर नववर्षाला फोन करते. ती मोटारसायकल आम्ही जंगलखात्याच्या एका सडपातळ रक्षकाला विकली. आठवड्यात तो कंबर धरून इन्सोनकडे आला आणि मऊ स्प्रिंग बसवून घेऊन गेला. मास्तरांनी त्याच शाळेतून निवृत्ती घेतली आणि नऊ वर्षांपूर्वी झोपेतच गेले. गाडीवरून पुन्हा एकदाही पडले नाहीत.

मी अजून आहे. बाजारातल्या म्हाताऱ्या बायका अजूनही मला विचारतात, "त्या वर्षी तुला काय झालं होतं गं, एवढी कशी फुगली होतीस?" मी सांगते, लसणाचा हंगाम होता, भूक फार लागायची.