एका मार्काचं भांडण

मेंदूत टाऊ नावाचं प्रोटीन असतं म्हणे. एरवी ते पेशीला आतून आधार देतं. बिघडलं की त्याचाच गुंता होतो अन् माणूस विसरायला लागतो. मी म्हटलं, “डॉक्टर, तो गुंता मले स्कॅनमध्ये दाखवा नं!” तर म्हणे, तो दिसत नाही, प्रश्नांवरूनच अंदाज घ्यावा लागतो.

म्हणून बाबांना पुन्हा तेच तीस मार्कांचे प्रश्न. वार चुकला, महिना चुकला.

“बाबूजी, हम कौन से राज्य में हैं?”

“मध्यप्रदेश,” बाबा ठासून म्हणाले.

डॉक्टरांनी शून्य दिलं. माझं डोकंच सणकलं. सप्टेंबरात याच उत्तराला याच माणसानं मार्क दिला होता! छत्तीसगड वेगळं होऊन चार महिने नाही झाले, आमच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या अर्ध्या पाट्या अजून जुन्याच आहेत. मी त्यांचं प्रिस्क्रिप्शनचं पॅड उचलून त्यांच्यासमोर आपटलं. वर छापलं होतं, ‘पंडरी, रायपुर (म.प्र.)’.

“तुमचं प्रोटीन कोण तपासते, डॉक्टर?”

ते ओशाळले. शून्य खोडून त्यांनी एक लिहिला. मी बाबांचा हात दाबला. कितीतरी दिवसांनी आम्ही काहीतरी जिंकलो होतो.

“और राजधानी, बाबूजी?”

एवढं सोपं काहून विचारतात, अशा नजरेनं बाबा माझ्याकडे बघून हसले.

“नागपूर.”

नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होती, पण ती छप्पन सालापर्यंत. माझा जन्म अठ्ठावन्नचा.