पेटीवरचा लोहार

परदेशी कात्र्यांवर सरकारने जबर कर बसवला, त्या दिवशी आमच्या कात्र्यांच्या कारखान्याच्या मालकाने असं भाषण ठोकलं, जणू कर त्यानेच बसवला होता. "आता आपलीच चलती," तो म्हणाला. माझ्या दिराने टाळ्या वाजवल्या. तो तिथला लोहार, मी शेजारच्या खोलीत कात्र्यांना स्क्रू बसवणारी. नवरा गेल्यापासून घर आमच्या दोघांच्या पगारावर चालायचं. टाळ्या मीही वाजवल्या. माझ्यासारखी मूर्ख मीच.

पुढे पोलादावरही कर बसला आणि ते महागलं. पलीकडच्या देशांनी उट्टं काढायला आमच्या मालावर कर लावला, तशा बाहेरच्या ऑर्डरी आटल्या. मग मालकाने पळवाट शोधली. अख्ख्या कात्रीवर कर जबर असला, तरी सुट्या पात्यांवर नावापुरता होता. बाहेरून सुटी पातीच यायला लागली, डावी एका खोक्यात, उजवी दुसऱ्यात.

दीर एकाच पट्टीतून दोन्ही पाती घडवायचा आणि घडल्याबरोबर ती जोडी दोऱ्याने बांधून ठेवायचा. एकमेकांवर घासून बसलेली पातीच कापतात, बाकीची कापड चावतात. आता मी हाताला लागेल ते डावं हाताला लागेल त्या उजव्याला जोडत होते, वर 'देशी' म्हणून शिक्का मारत होते. जेवताना स्वतःच्या बोटांची शिसारी यायची.

भट्टी विझून गेली होती. तेवढ्यात माल खरंच इथे घडतो का, हे तपासायला सरकारी साहेब येणार असं कळलं.

"भट्टी पेटव," मालकाने दिराला सांगितलं. "दोन घाव घाल, झालं."

याला दोन घाव घालून थांबता येतं कुठे? भट्टी पेटली म्हणजे काम परत आलं, असं त्या भाबड्याने धरलं आणि घाम गाळून अख्खी जोडी घडवली. साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. साहेबाची पाठ फिरताच मालकाने भट्टी मोडून तिथे खोकी रचली, दिराला घरी बसवलं आणि त्याचा फोटो प्रत्येक पेटीवर छापला. इतका निलाजरेपणा मी जन्मात पाहिला नव्हता.

काल गल्लीतली शिवणवाली घरी आली. दिरापुढे कात्री आपटून म्हणाली, "भाऊ, पेटीवर तुम्हाला बघून घेतली हो. रेशमाचं वाटोळं केलं हिने. गिऱ्हाईक तुटलं माझं."

दिराने कात्री उघडली, मिटली. पाती एकमेकांना शिवतही नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"चुकलं माझं," तो तिला म्हणाला. "ठेवून जा, बघतो."

ती गेल्यावर मी विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"बोभाटा झाला तर तुमचीही नोकरी जाईल, वहिनी. मग खायचं काय?"

मालकाची किळस होतीच, माझीही आली.

आज सकाळी कामावर गेले आणि दुपारपर्यंत दिराच्या फोटोच्या पेट्या भरल्या.