नऊ मैलांचा वारा

कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये रामकिसन नावाचा फिटर होता. एंजिनाचा आवाज ऐकून कोणता पट्टा ढिला पडलाय ते तो जेवताजेवता सांगायचा, आणि त्याचं सांगणं सहसा चुकत नसे. मॅनेजर होरमसजी साहेबांनी आपली शिडाची होडी आणली तेव्हा तिच्या देखभालीसाठी त्यांनी दुसऱ्या कुणाचं नाव काढलंच नाही.

साहेब मुंबईचे पारशी. लहानपण समुद्रात होड्या हाकण्यात गेलेलं. वऱ्हाडात बदली होऊन दोन वर्षं झाली तरी पाण्याचं वेड जाईना. शेवटी त्यांनी एक छोटी होडी रेल्वेने मागवली आणि गावाबाहेरच्या तलावात सोडली. पहिल्यांदा शीड उघडलं त्या दिवशी निम्मं कारंजं काठावर गोळा झालं होतं. वल्हं न मारता होडी चालते, तेही वाऱ्याच्या उलट अंगाला, हे लोकांना डोळ्यांनी पाहूनही पटत नव्हतं.

होडीला दुसरा माणूस लागे. त्या कामावर साहेबांनी सोमलाला घेतलं. सोमला तांड्यावरचा बंजारा, जिनिंगच्या आवारात गाड्या उतरवायचा. पोहणारा म्हणून तो सगळ्यांना माहीत होता. शिडाची दोरी कधी ताणायची, कधी सोडायची हे तो महिन्याभरात शिकला. रामकिसनची आणि त्याची गट्टी होडीमुळेच जमली. रविवारी जिनिंग बंद असे. साहेब यायच्या आधी दोघे काठावर बसून भाकरी खात, आणि सोमला आपल्या दोन पोरींच्या खोड्या सांगे.

साहेबांचा एक नियम होता. वारा मोजल्याशिवाय होडी सुटायची नाही. ताशी बारा मैलांपर्यंत पूर्ण शीड, त्यापुढे शीड आखडून अर्धं करायचं, अठराच्या वर गेला की होडी काठालाच. त्यासाठी त्यांनी वारा मोजायचं यंत्र मागवायचं ठरवलं आणि चित्रांचं पुस्तक रामकिसनपुढे ठेवलं. डोलकाठीवर बसवायचं यंत्र नको, होडी डोलली की ते खोटा वारा दाखवतं, हे साहेबांनीच सांगितलं. मग काठावरच्या खांबासाठी दोन यंत्रं उरली. एकाचे छर्रे, म्हणजे फिरत्या आसाखालच्या पोलादी गोळ्या, पक्क्या डबीत बंद होते, दुसऱ्याचे उघडता येत. बंद यंत्र बिघडलं तर मुंबईला पाठवावं लागणार. रामकिसनने उघडं पसंत केलं. म्हणाला, माझ्या हातात राहील, मी साफ ठेवीन. साहेबांनी त्याचं ऐकलं. आपल्या शब्दावर मुंबईहून यंत्र येतं याचं रामकिसनला फार अप्रूप वाटलं. घरी येऊन त्याने रुख्मिणीला, आपल्या बायकोला, दोनदा ते सांगितलं.

खांबावर चार वाट्या फिरायच्या आणि खाली तबकडीवर काटा हलायचा. वर दिशा दाखवणारा पत्र्याचा बाण. बाण बसवताना रामकिसनने दुपारच्या सावलीवरून उत्तर धरली होती. दर आठ दिवसांनी वाट्या उतरवायच्या, छर्रे घासलेटात धुवायचे, पुसून कोरडे करायचे आणि घड्याळाच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, एवढंच काम होतं. पावसाळाभर आणि दिवाळीपर्यंत त्याने ते चुकवलं नाही.

मग कापसाचा हंगाम लागला. जिनिंग दोन पाळ्यांत चालू झालं. हवेत रुईचे तंतू असे उडत की माणसांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. पौषात घड्याळाचं तेल संपलं. घड्याळजीचं दुकान बाजारात होतं, जिनिंगपासून चिलीम ओढून होईल इतक्या अंतरावर. पण त्या दिवशी एंजिनाचा पट्टा तुटला होता आणि रामकिसनला वेळ नव्हता. त्याने बोट जिनिंगच्या तेलात बुडवलं आणि छर्ऱ्यांना लावलं. एका वेळेला काय होतं, असं तो स्वतःशीच म्हणाला. पुढच्या आठवड्यात तेच केलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तर त्याने वाट्या उतरवल्याच नाहीत.

ते तेल जाड. त्याला रुई चिकटली आणि तिचा लगदा झाला. वाट्या फिरायच्या, पण ओझं वाहणाऱ्या बैलासारख्या.

सन छत्तीसच्या माघातला तो रविवार. सकाळपासून उकडत होतं, आणि माघात उकडावं हे काही बरं लक्षण नव्हतं. दुपारी वायव्येला ढगांनी काळा पट्टा धरला. तरी डोक्यावर ऊन होतं आणि साहेबांना घरी परतायची घाई नव्हती. त्यांनी रामकिसनला वारा विचारला.

रामकिसनने तबकडी पाहिली. काटा नऊवर होता. मग त्याची नजर काठावरच्या बाभळींकडे गेली. फांद्या वाकत होत्या. नऊ मैलांच्या वाऱ्याने बाभूळ वाकत नाही हे त्याला ठाऊक होतं. काटा खोटं बोलतोय हे त्याला त्याच क्षणी कळलं, आणि का बोलतोय तेही कळलं. पण ते सांगायचं तर तेलाचं सांगावं लागणार, आणि साहेबांपुढे मान खाली घालावी लागणार.

"नऊ, साहेब," तो म्हणाला.

सोमला होडीत चढत होता. त्याने तोंड फिरवून वारा गालावर घेतला.

"रामकिसन, मले तं जड लागून राह्यला वारा."

"काटा नऊवर हाये," रामकिसन म्हणाला.

सोमला होडीत जाऊन बसला. रामकिसनच्या यंत्रावर त्याचा विश्वास होता. साहेबांनी पूर्ण शीड उघडायला सांगितलं आणि होडी सुटली.

ती तलावाच्या मध्यावर पोचली असेल नसेल, तोच वायव्येकडून धुळीची भिंत उठली. पाणी आधी काळं पडलं, मग पांढरं झालं. शीड एका बाजूला झोपलं आणि होडी उलटली. पाठोपाठ गारा आल्या. रामकिसन काठावरून ओरडत पाण्यात छातीपर्यंत गेला. त्याला पोहता येत नव्हतं. गारांच्या पडद्यातून त्याला एकच डोकं दिसत होतं, आणि ते साहेबांचं होतं. साहेब उलट्या होडीला धरून होते. तलावावरच्या मासेमार भोयांनी त्यांना अर्ध्या तासाने बाहेर काढलं. सोमला शिडाखाली सापडला, पायाला दोरीचे तीन वेढे पडलेले. कारंज्यातला एवढा पोहणारा माणूस, हात मारायला त्याला जागाच मिळाली नव्हती.

प्रेत तांड्यावर नेलं. लोक पांगले. पंचनामा सकाळी होणार असं कळलं. रामकिसन घरी गेला नाही. दिवस मावळायच्या आत तो खांबावर चढला, वाट्या उतरवल्या, घासलेटात छर्रे धुतले, रुईचा लगदा बोटाने काढून तलावात टाकला आणि वाट्या परत बसवल्या. काम चोख झालं.

सकाळी फौजदाराने वाट्यांवर फुंकर मारली. त्या भिरभिरल्या. त्याने विचारलं, यंत्र ठीक आहे ना. रामकिसनने हो सांगितलं. काल किती वारा होता? नऊ, तो म्हणाला. मग फौजदार साहेबांकडे वळला. साहेब घोंगडी पांघरून बसले होते, ओठ निळे. झोत आला तेव्हा दोरी सोड म्हणून आपण ओरडलो, सोमलाने ती सोडली नाही, असं त्यांनी सांगितलं. जिनिंगचा कारकून म्हणाला, तांड्यावरचा माणूस, रविवारचा दिवस, घेतली असेल. साहेबांनी नकार दिला नाही. रामकिसननेही दिला नाही. कागदावर लिहिलं गेलं, की यंत्र सुस्थितीत होतं, वारा बेताचा होता, आणि खलाशी नशेत असावा.

सोमलाने तीन वर्षांपूर्वी पोहऱ्याला, बंजाऱ्यांच्या देवस्थानी, जाऊन दारू सोडली होती. रामकिसनला हे माहीत होतं. परतताना सोमलाने आणलेला प्रसाद त्याने स्वतः खाल्ला होता.

तेराव्यानंतर सोमलाची बायको नानीबाई जिनिंगच्या दारात आली. नवऱ्याबद्दल काय लिहिलं ते तिला ऐकायचं होतं. कारकुनाने वाचून दाखवलं. ती आवारातून चालत रामकिसनजवळ आली.

"तू होता तिथं. तो प्याला होता का?"

रामकिसनच्या हातात पाना होता. तो पान्याकडे पाहत राहिला. मले नाई सांगता येत, असं काहीसं तो पुटपुटला. नानीबाई निघून गेली.

बाजारात लोक सोमलाचा विषय काढून हसत, बेवडा बंजारा होडी हाकायला गेला म्हणत. सोमलाच्या पोरींना पाणवठ्यावर तेच ऐकावं लागतं असं त्याच्या कानावर आलं. पंधरा दिवसांनी त्याने रुख्मिणीला सगळं सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"सांगितल्यानं तो उठून येणार हाये का?" ती म्हणाली. "तुमी मात्र जेलात जासान."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी तो तांड्यावर गेला. तांड्याचा नाईक अमरसिंग आणि नानीबाई दोघांनाही त्याने बसायला सांगितलं आणि स्वतः उभाच राहिला. तेल, रुई, बाभळी, काटा, खांबावर चढणं, सारं त्याने सांगितलं. संपल्यावर अमरसिंग उठला आणि त्याने रामकिसनच्या तोंडात मारली. रामकिसनने गालाला हातही लावला नाही. नानीबाई म्हणाली, मारून काय होते, याले तहसीलदाराकडे ने, हेच तिथं बोलू दे.

तो तिथेही बोलला. होरमसजींना बोलावणं गेलं. ते म्हणाले, की दोरी सोडायला आपण ओरडलो होतो खरं, पण ते सोमलाच्या कानापर्यंत गेलं असेल असं आता वाटत नाही. सोमला प्याला नव्हता, असंही त्यांनी सांगितलं. महिन्याभरात ते मुंबईला परत गेले. होडी काठावर पालथी पडून राहिली, आणि तिच्या फळ्या लोकांनी एकेक करून नेल्या.

पुरावा नाहीसा केला आणि खोटी साक्ष दिली म्हणून रामकिसनला अकोल्याच्या तुरुंगात पाच महिने काढावे लागले. सुटून आला तेव्हा रुख्मिणी धनजला माहेरी गेलेली होती आणि कारंज्यातली राहती खोली दुसऱ्याला दिलेली होती. कोणतंही जिनिंग त्याला आत घेईना. तो धनजला राहिला. गुऱ्हाळाचे चरक, विहिरीवरची चाकं दुरुस्त करू लागला. रुख्मिणी त्याला वेळेवर जेवायला वाढायची. बोलणं मात्र कामापुरतंच उरलं होतं.

दिवाळीच्या सुमारास तो लोखंड आणायला कारंज्याला गेला. बाजाराच्या तोंडाशी नानीबाई लाकडाच्या मोळ्या घेऊन बसली होती. त्याला परत फिरायचं होतं, पण तिने पाहिलं होतं.

"तहसिलीतला कागद भेटला," ती म्हणाली. "मास्तरकडून दोन वेळा वाचून घेतला. तो प्याला नव्हता असं लिहेल हाये."

रामकिसनने मान हलवली.

"पोरी आता पाणवठ्यावर जातेत. कोणी काई म्हणत नाई." तिने मोळीची दोरी घट्ट केली. "तू बोलला, बरं केलं. पण तू समोर आला की मले तो तलाव दिसते. आजपासून या वाटेनं येऊ नको."

"नाई येत," रामकिसन म्हणाला.

त्याने त्या दिवशी लोखंड घेतलंच नाही. पुढे जेव्हा जेव्हा कारंज्याला काम निघालं, तेव्हा तो वेशीच्या अलीकडेच वळे आणि शेतांच्या बांधांवरून दीड कोसाचा फेरा घालून दुसऱ्या बाजूने गावात शिरे. तो थकेपर्यंत, म्हणजे पुढची बावीस वर्षं, त्याची वाट तीच राहिली.