ओठ मिटतात ती जागा

"गप्प बसा रे, चालू झालंय," नेथन म्हणतो. मग कुणाचा तरी बूट फळीवर घासतो, कुणी खुदकन हसतं, पत्र्यावर पाऊस वाजत असतो, आणि तो गायला लागतो. आता इतक्या वर्षांनी त्याचा चेहरा मला नीटसा आठवत नाही. पण ते "गप्प बसा रे" कानात तसंच आहे. कोवळं, जरा घोगरं, सर्दी झाल्यासारखं.

उशी उबेत राहिली, बूट ओलेच पायात,
भरतीच्या आधी कुणी मला लोटलं धुक्यात.

दार लागलं मागून, पाव गार खिशामधी,
कुणी हाक मारा मला, गल्ली सरायच्या आधी.

हेल्सविकच्या धक्क्यावर त्याच्या मामाची, टेरीची, शेड होती. खेकडे धरायचे पिंजरे तिथं दुरुस्त व्हायचे. मासळीच्या उलट्या खोक्यावर फोन ठेवून नेथननं ते गाणं रेकॉर्ड केलं. शेवटी एकच ओळ सुटी येते. ती गाता गाता तो उठला असावा, वाऱ्यानं उघडलेलं दार लावायला, कारण आवाज लांब जातो, ओळीचं तोंड वाऱ्यात बुडतं आणि शेपूट तेवढं हाती लागतं.

त्यानंतरच्याच फेब्रुवारीत मामाच्या होडीवरून पिंजरे समुद्रात सोडताना दोराच्या वेटोळ्यात नेथनचा पाय अडकला. पिंजरे खाली गेले, पिंजऱ्यांमागे दोर गेला, दोरामागे नेथन. एकोणीस वर्षांचा होता.

अंत्यविधीला चॅपेलमध्ये ते गाणं लावलं. शेवटची ओळ आली आणि पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत एक सुस्कारा गेला. "दर्या रे, मला नको ओढू." सगळ्यांनी तेच ऐकलं. बाहेर थंडीत उभे राहून लोक म्हणाले, पोराला ठाऊक होतं. वर्गणी निघाली, कड्यावरच्या वाटेला बाक आला, बाकाच्या पाठीवर पितळी पट्टी आली. पट्टीवर नेथन कॅमिश, दोन सालं, आणि ती ओळ. आमच्याकडे माणूस गेला की बाक येतो. कड्यावर इतके बाक आहेत की जिवंत माणसाला बसायला जागा उरलीय का, असा केल्विनचा विनोद होता. नेथननंतर तो त्यानं केला नाही.

नेथनची आई, लिन आंटी, त्या बाकावर कधी बसली नाही. दर रविवारी बादली घेऊन वर जायची, समुद्रपक्ष्यांची घाण खरवडून काढायची, लाकूड पुसायची. पितळेला हात लावत नसे. पट्टी हिरवी पडत चालली होती.

पुढच्या वर्षी शाळेत आम्ही तिघं मीडिया स्टडीजच्या तासाला एकत्र होतो: मी, केल्विन, आणि नेथनची धाकटी बहीण जोडी. वर्षाअखेरच्या कोर्सवर्कला म्युझिक व्हिडिओ करायचा होता. गाणं कुठल्या कंपनीच्या गायकाचं चालणार नव्हतं; ज्याला कुणी ओळखत नाही अशाचं, आणि त्याची परवानगी घेऊन.

केल्विननं आधीच चित्रं काढून आणली होती. काडीची माणसं, त्यांच्या डोक्यातून लाल स्केचपेन सांडलेलं.

"हे काय?" मी विचारलं.

"झॉम्बी. धक्क्यावरून येतात."

"तुझ्या घरच्यांचं चित्र आहे होय."

"इझी, तू एडिटिंग कर, बाई. कल्पना माझ्यावर सोड."

जोडी इतका वेळ खिडकीशी होती. ती म्हणाली, "नेथनचं घेऊ या." मग म्हणाली, "मी गाते. म्हणजे, ओठ माझे, आवाज त्याचा."

केल्विननं लाल चित्रं वहीखाली सरकवली.

आमच्या मिस ब्रॅमली चांगल्या होत्या, पण त्या दिवशी त्या बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसल्या. "जोडी, तुला झेपेल?"

"मिस, मला त्याच्यासोबत एक गोष्ट पुरी करायचीय. त्याची एकही पुरी झाली नाही."

"आणि आई?"

"ती हो म्हणाली. फक्त तिच्यासमोर वाजवायचं नाही म्हणे."

मिस म्हणाल्या, ठीक. पण एक लक्षात ठेवा. बाकी सगळं माफ होतं, कॅमेरा हलला तरी, उजेड कमी पडला तरी. ओठ जुळले नाहीत तर माणूस खोटा दिसतो. शब्द पाठ नका करू, अंगात मुरवा. कुठं श्वास घेतो, कुठं थांबतो, कुठं गिळतो, तेसुद्धा.

जोडीनं ते मनावर घेतलं. शाळेच्या बसमध्ये कानात गाणं लावून बसायची आणि ओठ हलवायची, आवाज न काढता. समोरच्या म्हाताऱ्या बायकांना वाटायचं पोरगी प्रार्थना करतेय. तिला भावाचं खाकरणंसुद्धा येऊ लागलं.

मार्चमध्ये शूटिंग केलं. शाळेच्या ट्रायपॉडचा एक पाय आखूड होता, त्याखाली आम्ही चिप्सचा पुठ्ठ्याचा डबा दुमडून घालायचो. चालतानाचा शॉट केल्विनच्या आजीच्या चाकाच्या खुर्चीतून घेतला. केल्विन कॅमेरा घेऊन बसलेला, मी उलटी ढकलतेय, जोडी समोरून चालत येतेय. धुकं हवं होतं तेव्हा ऊन पडलं. ऊन हवं होतं तेव्हा गारा. स्पीकर बादलीत ठेवून पिंजऱ्यांमागे लपवला होता. मी टाळी वाजवायची, नेथन म्हणायचा, "गप्प बसा रे, चालू झालंय," आणि जोडी तोंड उघडायची.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी टाळीसाठी जोडलेले हात खाली घ्यायला विसरले. तिचा खालचा ओठ नेथनसारखा होता. एवढे दिवस दिसलं नव्हतं. टेरी मामा शेडच्या दारात उभा होता, हातात सुई आणि जाळं. गाणं संपल्यावर तो आत गेला आणि बराच वेळ आतून हातोड्याचा आवाज येत राहिला.

शेवटचा शॉट बाकावर. जोडीचा चेहरा पडदाभर, मग ती बाजूला होते आणि मागे पट्टी दिसते, तीच ओळ पितळेत. कल्पना केल्विनची होती आणि चांगली होती. जोडीनं बाहीनं पट्टी घासून चमकवली.

एडिटिंग शाळेतल्या मागच्या खोलीत चालायचं. दोन कडवी सुईत दोरा जावा तशी बसली. शेवटची ओळ बसेना. मी चित्र एक टिचभर मागं घेतलं, पुढं घेतलं, पुन्हा मागं. जोडी पडद्यावर "दर्या रे" म्हणत होती, आवाज "दर्या रे" म्हणत होता, आणि तरी ती बाहुलीसारखी दिसत होती.

"वारा होता," केल्विन म्हणाला. "चालतं गं."

"तुझ्या झॉम्बीला चालतं."

मग मी चित्र झाकलं आणि नुसता आवाज पाहू लागले. यंत्रावर आवाज डोंगरासारखा दिसतो, शिखरं आणि दऱ्या. म, प, ब म्हणताना ओठ मिटतात आणि डोंगर बसतो. तिथं दरी पडते. "मला" म्हणायच्या आधी एक दरी हवी. ती होती. पण तिच्याही आधी, जिथं "दर्या रे" असायला हवं होतं, तिथं आणखी दोन दऱ्या होत्या, एकीमागे एक.

मी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. दर्या रे. ओठ उघडेच राहतात.

"तो दर्या म्हणत नाहीये," मी म्हटलं.

केल्विननं खुर्ची ओढली. जोडी माझ्या मागून वाकली. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मी ओळ पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली.

"दोनदा ओठ मिटलेत," मी म्हटलं. "बघ. इथं, आणि इथं."

"मग बाकावर काय लिहिलंय?" केल्विन म्हणाला, आणि लगेच खाली बघू लागला.

आम्ही टेरी मामाला गाठलं. तो म्हणाला, "अख्ख्या गावानं ऐकलंय, आणि आता तुम्ही पोरं आलात कान तपासायला." मग जोडीकडे बघून आवाज खाली आणला. "राहू दे ना, बाळा. दर्यानंच ओढलं ना त्याला? मग तेच बरोबर."

"पण तो ते म्हणालेला नाही, मामा."

"मेलेल्या माणसाला कोण विचारायला जातंय."

परतताना धक्क्यावर जोडी थांबली. "मी वर्षभर त्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालतेय," ती म्हणाली. "त्याचं एवढंच राहिलंय, इझी. तेही खोटं असेल तर मी काय देऊ जमा करायला?"

शेवटची ओळ पुन्हा घ्यावी लागणार होती, आणि जमा करायची तारीख डोक्यावर आली होती. रविवारी दुपारी कड्यावर उभं राहवेना इतका वारा होता. जोडी म्हणाली, घरी या. मम्मी बादली घेऊन वर गेली असेल, रविवारचं मांस ओव्हनमध्ये भाजायला ठेवायची वेळ होईपर्यंत येत नाही. नेथनच्या खोलीची भिंत पांढरी आहे, चेहराच तर हवाय.

खोलीत त्याचे बूट होते, वर्तमानपत्र कोंबलेले, आकार जाऊ नये म्हणून. पलंगावर उशी नव्हती. केल्विननं ट्रायपॉडखाली चिप्सचा डबा सरकवला, मी स्पीकर उंबऱ्यात ठेवला.

एवढ्या एका ओळीसाठी मी तेवढाच तुकडा कापून आणला होता आणि तो फिरत राहील असा लावला होता. संपला की आपोआप पुन्हा सुरू. नेथन गातो, वारा येतो, दार आपटतं. नेथन गातो, वारा येतो, दार आपटतं. जोडी दर खेपेला नवा शब्द घालून पाहायची. बाबा रे. ओठ बसले, पण बाबा तर ती रांगत असतानाच घर सोडून गेला होता. पाण्या रे. एकच दरी. मामा रे. तिथंही दोन्ही दऱ्या बसल्या, ओठ बसले, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. पण शेवट जुळेना. मामा ओढेल कशाला?

"'ओढू' नसेलच," मी म्हटलं. "आधी 'आ' ऐकू येतो. पाडू? गाडू?"

"मामा रे, मला नको गाडू," केल्विन पुटपुटला. कुणी हसलं नाही. "सॉरी," तो म्हणाला.

खालून नळाचा आवाज आला. मग सोलाण्यानं बटाटा सोलल्याचा, खर्र, खर्र. लिन आंटी घरातच होती. केव्हापासून होती कळलं नाही. वाऱ्यामुळे मधूनच परतली असेल. मी स्पीकर बंद करायला झेपावले, पण जोडीनं माझं मनगट धरलं.

"वाजू दे."

"जोडी, तू सांगितलं होतंस ना, तिच्यासमोर..."

"वाजू दे म्हटलं ना."

नेथन गातो, वारा येतो, दार आपटतं. खाली सोलणं थांबलं. पुन्हा एक फेरा झाला, आणखी एक. केल्विन कॅमेऱ्यामागे अंग चोरून उभा. जिना करकरला, वरची पायरी करकरली, आणि लिन आंटी दारात आली. हात ओले, बोटाला सालीची फीत चिकटलेली. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. स्पीकरकडे पाहत होती, चूल धुमसताना बघावं तशी.

"तो तुकडा थांबव, पोरी," ती मला म्हणाली.

मी थांबवला. खोली एकदम मोठी झाली.

"मम्मी," जोडी म्हणाली. पुढं तिला काही विचारायचं होतं. पण तो एकच शब्द बोलताना तिचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मी ते पाहिलं. जोडीनंही ते स्वतःच्या तोंडात ओळखलं असावं, कारण तिचा हात ओठांवर गेला.

लिन आंटी पलंगाच्या कडेला बसली, उशी नव्हती त्या बाजूला.

"लहान होता तेव्हा शाळेत जाताना रोज गायचा," ती म्हणाली. "दारात उभा राहून, दप्तर पाठीला, मुद्दाम रडका सूर काढून. शेजारीण हसायची. 'मम्मी गं, मला नको धाडू.' मी पाठीवर थाप मारून बाहेर लोटायची. मग मोठेपणी त्याचं गाणं केलं."

"मग चॅपेलमध्ये..." जोडी म्हणाली. "तू ऐकलंस. तुला माहीत होतं. बाकावर लिहिलं तेव्हा तू तिथं होतीस."

"सगळे दर्या म्हणाले. मी म्हटलं, होऊ दे दर्या."

तिनं बोटाची साल सोडवली आणि मुठीत धरली.

"तो गेला त्या दिवशी सकाळी दारात उभा होता. आधल्या दिवशी दोर घोट्याला घासून गेला होता, भ्यायला होता. टेरीला मी शब्द दिला होता, पोरगं येईल म्हणून. तेच म्हणाला, मम्मी गं, मला नको धाडू. पण त्या दिवशी त्यानं चाल लावली नाही, जोडी. नुसतं म्हणाला. आणि मी म्हटलं, नाटकं पुरे, बूट घाल."