एकतीस मीटरवर दमलेला पंप

मुलीच्या लग्नात मालकांनी कारखान्यालाही एक जावई मिळवून दिला. जावईबापूंकडे पदवी होती, भला मोठा संगणक होता आणि पाणी आपलं ऐकतं अशी ठाम समजूत होती. त्यांनी आखलेला पंप कागदावर पाणी चाळीस मीटर चढवत होता. कागदावर चढवायला वीज लागत नाही.

चाचणीत तो एकतीसवरच दमला.

ही शुभवार्ता द्यायचं भाग्य चाचणीवाल्या बाईंच्या वाट्याला आलं. अठरा वर्षं त्या त्याच खोलीत पंप चालवून आकडे लिहीत होत्या.

"गेज खराब असेल," जावईबापू म्हणाले.

गेज बदललं. एकतीस. मोटर बदलली. एकतीस. मग टाकीतलं पाणी बदलून बघा, असंही त्यांनी सुचवलं.

"साहेब, स्लिप धरलीय का?" बाईंनी विचारलं.

"पात्यांचा कोन मी दशांशापर्यंत काढलाय, बाई. पाणी पात्याला धरूनच बाहेर पडणार. जाईल कुठं?"

बाईंनी वहीत पुन्हा एकतीस लिहिलं. मालकांच्या जावयाला शिकवायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

जावईबापूंनी मग पंपात फिरणाऱ्या चाकाला सहाच्या जागी बारा पाती लावली. पाण्याला चुकार व्हायला जागाच ठेवायची नाही, असा बेत. जागा खरंच उरली नाही. पाण्याला आत शिरायलासुद्धा. थोडं पाणी असताना आकडा जरा वर सरकला, पुरतं सोडताच धाडकन सव्वीसवर आला. नेमके तेव्हाच मालक दारात उभे.

"काय गडबड आहे?"

"बाबा, चाचणीच नीट होत नाहीये," जावईबापूंनी सांगून टाकलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

बाईंच्या आकड्यांवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांची कानशिलं तापली. टेबलावरचा अर्धा कप चहा त्यांनी जावईबापूंच्या नाकासमोर धरला.

"चहाची पत्ती तरंगतेय, दिसली? आता बघा." त्यांनी कप जागच्या जागी अर्धा फिरवला. कपाचा कान इकडचा तिकडं गेला. पत्ती होती तिथंच. "कप फिरला, चहा नाही फिरला. कपाच्या काठावर बसलेल्या मुंगीला विचाराल तर ती म्हणेल, चहा उलटा फिरतोय. दोन पात्यांमधलं पाणी तेच करतं. चाकाच्या उलट वळतं, मागं रेंगाळतं, आणि पातं सांगतं त्यापेक्षा कमी फिरकी घेऊन बाहेर पडतं. तेवढी उंची कमी. हीच ती स्लिप."

मालकांनी कप घेऊन स्वतः दोनदा फिरवला. दुसऱ्यांदा शर्टावर सांडला.

"मग आता?"

"पाती सहाच ठेवा. चाक दोनशेवीस मिलिमीटरचं आहे, अडीचशेचं ओता. काठ जोरात फिरेल, गेलेली उंची भरून निघेल. बाहेरच्या कवचात मावतं. मी मोजलंय."

जावईबापू भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले.

पंधरा दिवसांनी गिऱ्हाईकासमोर नव्या चाकानं चाळीस मीटर गाठले, वर थोडे जास्तच. मालकांनी जावयाची पाठ थोपटली. जावईबापूंनी भाषणात "सखोल संशोधनाअंती" असे शब्द वापरले. संशोधन कोपऱ्यात उभं राहून अहवालावर सही करत होतं.

पुढच्या पंपाच्या वेळी मात्र जावईबापू स्वतः खाली चाचणीच्या खोलीत आले. दार लावून घेतलं, घसा खाकरला.

"बाई, या वेळी... स्लिप किती धरू?"

बाईंकडे चार टोमणे तयार होते. पण माणूस कोरी वही घेऊन आला होता. तीन त्यांनी गिळले.

"या, संशोधक," त्या म्हणाल्या आणि दुसरी खुर्ची ओढली. "पाती किती, ते सांगा आधी."